काही हरकत नाही?



‘काही हरकत नाही’ हे शब्द आपण मराठी माणसे दिवसातून किती वेळा उच्चारतो! पाहुणा उशिरा आला, हरकत नाही. चहात साखर कमी पडली, हरकत नाही. हा आपल्या मनाचा मोठेपणा आहे आणि घरात तो शोभतोही. पण शासकीय कागदावर ‘हरकत’ हा शब्द निराळ्या अर्थाने येतो. ‘हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत’ असे नोटीस फलकावर लिहिलेले असते, तेव्हा गावाला किंवा शहराला त्याच्या उद्याविषयी एक प्रश्न विचारलेला असतो. त्या वेळीही आपण सवयीने ‘काही हरकत नाही’ असे म्हणून पुढे निघून जातो.

आजचा आपला अभ्यास या सवयीविषयी आहे. पाणी, झाडे, कचरा, टेकड्या आणि मोकळ्या जागा यांचे नियोजन शहराने रहिवाशांना सोबत घेऊन कसे करावे, महाराष्ट्रात हे कुठे साधले आणि कुठे फसले, आणि शिरपूरसारख्या गावाने त्यातून काय घ्यावे, याचा आपण विचार करू. सुरुवात आमच्याच एका चुकीपासून करतो.

आमच्या हातून काय झाले

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. १५ ऑगस्ट, म्हणजे पवित्र मरियेच्या स्वर्गउन्नयनाचा सण. आसपासच्या खेड्यांतील कुटुंबे आली होती. पवित्र मिस्सा आटोपला, मुलांचे कार्यक्रम झाले, पंगत बसायची होती. एक-दोघांना निघायची घाई होती. त्यांना आम्हीच थांबवले. सणाच्या दिवशी जेवल्याशिवाय जायचे नाही, असे प्रेमाने दटावले. त्यांच्या गावी त्याच वेळी ग्रामसभा होती हे आम्हाला ठाऊक नव्हते. खरे सांगायचे तर आम्ही विचारलेही नव्हते.

ती ग्रामसभा गणपूर्तीअभावी तहकूब झाली. काही दिवसांनी पुन्हा भरली. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. जे थोडे जण जमले त्यांनी गावचा कचरा टाकण्यासाठी नाल्याकाठची एक पडीक जागा ठरवली. ती जागा आपल्या काही कुटुंबांच्या घरांमागे, आणि ज्या विहिरीचे पाणी ती वापरत तिच्या वरच्या अंगाला होती. पुढच्या पावसाळ्यात पाण्याला वास येऊ लागला. एका रविवारी मिस्सानंतर त्यांतील एक माऊली आमच्याकडे आल्या आणि एवढेच म्हणाल्या, “फादर, आमाले कोनी इचारलंच नाही.”

आम्ही तावातावाने चौकशीला गेलो. तिथे कळले की नोटीस सात दिवस आधी फलकावर लागली होती आणि गावात पुकाराही झाला होता. नियमाने पाहता गावाला विचारलेले होते. उत्तर देणारी माणसे मात्र आमच्याकडे पंगतीला बसली होती.

त्या दिवसापासून आम्ही या विषयाकडे शिकण्याच्या दृष्टीने पाहू लागलो.

पालकांविषयीचा एक जुना नियम

तत्त्वज्ञानाच्या वर्गात एक रोमन नियम आम्ही परीक्षेपुरता पाठ केला होता. त्याचा आशय असा की, ज्या गोष्टीचा सर्वांशी संबंध येतो तिला सर्वांची मान्यता हवी. इ. स. ५३१ मध्ये सम्राट जस्टिनियन याने तो घालून दिला, तेव्हा प्रश्न राज्यकारभाराचा नव्हता. एका अज्ञान मुलाला अनेक पालक नेमलेले असतील, तर त्यांच्यापैकी एकट्यादुकट्याने परस्पर ते सामाईक पालकत्व मोडू नये, सर्वांची संमती घ्यावी, असा तो निवाडा होता. पुढे तो नियम चर्चच्या कायद्यात आला. १२९८ साली पोप बोनिफेस आठवे यांनी प्रसिद्ध केलेल्या संग्रहात तो नोंदवलेला आहे. त्याच्या तीन वर्षे आधी इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने पार्लमेंट बोलावताना त्याचाच आधार घेतला होता.

या नियमाचा जन्म पालकत्वातून झाला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. गावचा नाला, गायरान, टेकडी, भूगर्भातले पाणी ही आपली खाजगी मालमत्ता नव्हे. पुढच्या पिढीच्या वतीने आपण सारे त्यांचे सहपालक आहोत. त्यांतील एकही पालक ‘मला वेळ नाही’ म्हणून बाहेर राहिला, तर त्याच्या वाट्याचा निर्णय दुसरा कोणीतरी घेतोच.

चर्चच्या सामाजिक शिकवणीत याला जोडून आणखी एक तत्त्व आहे. जे काम लहान समूह स्वतः करू शकतो ते वरच्या सत्तेने त्याच्या हातून काढून घेऊ नये, तिने त्याला पाठबळ द्यावे, हे पोप पायस अकरावे यांनी १९३१ मध्ये स्पष्ट केले. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लौदातो सी’ या परिपत्रकात पर्यावरणाच्या संदर्भात हाच धागा पुढे नेला. प्रकल्पाचा पर्यावरणावर होणारा परिणाम आराखडा पक्का झाल्यावर तपासू नये, तो आरंभापासून तपासावा, आणि त्या चर्चेत स्थानिक रहिवाशांना विशेष स्थान असावे, असे त्यांचे म्हणणे आहे.

शहराचा आराखडा कसा तयार होतो

महाराष्ट्रात शहराचा विकास आराखडा १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमानुसार तयार होतो. आधी आराखडा करण्याचा इरादा जाहीर होतो. मग कोणत्या जमिनीवर आज काय आहे याची पाहणी होऊन नकाशा बनतो. त्यावरून पुढील साधारण वीस वर्षांचा मसुदा तयार होतो: रस्ता कुठे, बाग कुठे, शाळा कुठे, कोणत्या जमिनीवर बांधकाम नको. मसुदा प्रसिद्ध झाल्यावर ठरावीक मुदतीत हरकती व सूचना घेतल्या जातात, त्यांची सुनावणी होते आणि शेवटी राज्य शासन मंजुरी देते.

१९९३ पासून अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरनियोजन आणि पर्यावरणाचे रक्षण हे विषय नगरपालिकांच्या यादीत घातले. महानगरपालिकेने दर वर्षी ३१ जुलैपूर्वी शहराच्या पर्यावरणाचा सद्यस्थिती अहवाल सभागृहापुढे ठेवावा, असाही दंडक आहे. म्हणजे कायद्यात दारे आहेत. पण रहिवाशांसाठीचे मुख्य दार, हरकतींचे, नकाशा जवळपास पूर्ण झाल्यावर उघडते. घर बांधून झाल्यावर घरमालकाला दाखवावे, तसा हा प्रकार आहे. लोकांना आधी बोलावले तर काय होते आणि उशिरा बोलावले तर काय होते, हे पुढील उदाहरणांवरून दिसेल.

मुंबई : जमिनीची खबर रहिवाशाला असते

मुंबईच्या २०१४ ते २०३४ या काळासाठीच्या आराखड्याच्या वेळी एक चांगली गोष्ट घडली. सध्याच्या जमीनवापराचे नकाशे मसुद्याच्या आधी लोकांसमोर आले. नागरिकांच्या संस्थांनी त्यांतल्या चुका दाखवल्या, वॉर्डावॉर्डांत कार्यशाळाही झाल्या. तरीही फेब्रुवारी २०१५ मध्ये मसुदा प्रसिद्ध झाला तेव्हा शहर हादरले. उभ्या इमारतींवरून रस्ते काढलेले, वारसा वास्तू नकाशातून गायब, आणि आरे वसाहतीच्या हिरव्या पट्ट्यात विकासाचे केंद्र सुचवलेले. हरकतींचा पाऊस पडला. एप्रिल २०१५ मध्ये मुख्यमंत्र्यांनी तो मसुदा दुरुस्त करून नव्याने मांडण्याचा आदेश दिला. सुधारित मसुदा मे २०१६ मध्ये आला आणि २०१८ मध्ये त्याला मंजुरी मिळाली.

तज्ज्ञांची इथे गरज नव्हती असे कोणी म्हणणार नाही. पण कोणत्या गल्लीत पाणी तुंबते, कोणत्या वडाखाली बाजार भरतो, कोणती पायवाट शाळेकडे जाते, ही खबर कार्यालयातल्या नकाशाला नसते. ती तिथे राहणाऱ्याला असते. त्याला वेळेवर विचारले असते तर एवढी वर्षे वाया गेली नसती.

पुणे : हरकत नोंदवली की काम संपत नाही

पुण्याच्या जुन्या हद्दीचा मसुदा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यावर सुमारे ८७ हजार हरकती व सूचना आल्या. एवढ्या लोकांनी कागद वाचला, अर्ज लिहिला, रांगेत उभे राहिले, हे कौतुकाचेच. पण सुनावणीनंतर नियोजन समितीत मतभेद झाले, काम लांबले आणि २०१५ मध्ये शासनाने तो आराखडा महापालिकेकडून आपल्या हाती घेतला. जानेवारी २०१७ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. लोक बोलले, पण निर्णयाची जागा लोकांपासून एक पायरी दूर गेली.

त्याच पुण्यात टेकड्यांचा प्रश्नही आहे. १९९७ मध्ये शहरात आलेल्या गावांपैकी २३ गावांच्या टेकड्यांवरील ९७८ हेक्टर जमीन जैवविविधता उद्यानासाठी राखावी, यासाठी नागरिकांनी वर्षानुवर्षे सह्या गोळा केल्या, सभा घेतल्या. टेकडी उघडी राहिली तर पाणी मुरते, सिमेंटने झाकली तर तेच पाणी खालच्या वस्तीत शिरते, एवढे साधे गणित त्यांनी लोकांना पटवले. २०१५ मध्ये हे आरक्षण मान्य झाले. पण जमीनमालकांच्या मोबदल्याचा प्रश्न रेंगाळला आणि टेकड्यांवरील अतिक्रमणे थांबली नाहीत. आरक्षणाचा ठराव झाला तरी राखणदार लागतोच, हा पुण्याचा पहिला धडा.

दुसरा धडा अधिक मोलाचा आहे. लोकसहभाग म्हणजे बहुधा सुशिक्षित, वेळ असलेल्या, कागद वाचू शकणाऱ्या लोकांचा सहभाग होऊन बसतो. पुण्यात कचरा वेचणाऱ्या कष्टकरी, बहुतांशी स्त्रिया, १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत या संघटनेत एकत्र आल्या. त्यांच्यातून ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ मध्ये तिने महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम घेतले. कोणता कचरा कुठून येतो, कशाला भाव मिळतो, काय कुजते आणि काय उरते, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते. ज्यांना शहर नाक दाबून ओलांडत होते त्या शहराच्या नियोजनात भागीदार झाल्या. सर्वांना विचारायचे म्हणजे सर्वांत आधी ज्यांना कोणी विचारत नाही त्यांना विचारायचे.

पुणे महापालिकेने २००६ च्या सुमारास आणखी एक प्रयोग सुरू केला. अंदाजपत्रक बनण्यापूर्वी नागरिकांकडून आपल्या भागातील लहान कामांच्या सूचना मागवायच्या. ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे या शहराने १९८९ मध्ये हा मार्ग दाखवला होता. तिथे लोक वस्तीवस्तीत जमून पैसा आधी कुठे खर्च करायचा हे ठरवू लागले, आणि पिण्याचे पाणी व सांडपाण्याची सोय गरीब वस्त्यांपर्यंत वेगाने पोहोचली.

वसई : दीर्घ पल्ल्याची राखण

तिसरे उदाहरण मुंबईच्या उत्तरेचे, आणि आपल्या घरातले. वसईच्या पश्चिम पट्ट्यात केळी, पानवेली, फुले आणि भाजीपाल्याच्या वाड्या, गोड्या पाण्याच्या विहिरी आणि ‘बावखल’ म्हणून ओळखली जाणारी छोटी तळी होती. १९८० च्या दशकाच्या अखेरीस हा भाग मोठ्या नागरीकरणासाठी खुला होऊ लागला. १९९० मध्ये नियोजनाचे काम सिडकोकडे सोपवले गेले. विहिरींचे पाणी टँकरने बाहेर विकले जात होते. अशा वेळी फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सोबत्यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या झेंड्याखाली लोकांना संघटित केले. ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक म्हणून फादरांना आपण ओळखतो. २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते आणि २५ जुलै २०२४ रोजी ते देवाघरी गेले. त्यांच्यासाठी विहीर आणि शब्दसेवा या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या.

समितीत सर्व धर्मांचे लोक होते, कारण विहिरीला धर्म नसतो. मोर्चे निघाले, दहशतीला तोंड द्यावे लागले. पुढे ३ जुलै २००९ रोजी चार नगरपालिका आणि ५३ गावे मिळून महानगरपालिका झाली, तेव्हाही आपले गाव शहरात घालण्याआधी आम्हाला विचारा, असा आवाज गावागावांतून उठला.

लढा पूर्ण जिंकला असे म्हणता येणार नाही. वसई-विरारचा मोठा भाग इमारतींनी भरून गेला. जुलै २०१८ मध्ये हा परिसर कित्येक दिवस पाण्याखाली होता, तेव्हा पाण्याच्या निचऱ्याच्या जागा बुजवल्या गेल्याची आठवण अनेकांना झाली. तरीही पश्चिमेचा हिरवा पट्टा पुष्कळ अंशी टिकून आहे. तो टिकला कारण एका पिढीने ‘हरकत आहे’ असे म्हटले, आणि एकदाच म्हणून ती थांबली नाही.

आता आपल्या शिवारात

आपण म्हणाल, या सगळ्या शहरांच्या गोष्टी. शिरपूर तर गाव आहे. पण अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनाला देशभरातून यात्रेकरू येथे येतात. वाहने, निवास, पाणी, प्लास्टिक हे सारे त्यांच्याबरोबर येते. समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून गेला आहे आणि रस्त्यामागून प्लॉट येतात. शिवाय आपला वाशीम जिल्हा दोन खोऱ्यांच्या मधल्या उंचवट्यावर वसला आहे. काटेपूर्णेचे पाणी पूर्णेला जाते, पैनगंगेचे गोदावरीच्या खोऱ्यात. पाणी दोन्हीकडे वाहून जाते. ते अडवायचे, मुरवायचे की जाऊ द्यायचे हे आपणच ठरवायचे आहे. जैन बांधवांमध्ये पाणी गाळून वापरण्याची रीत आहे. पाण्यातल्या अदृश्य जिवाचाही विचार करणाऱ्या शेजाऱ्यांसोबत आपण राहतो. त्यांच्यासह नाल्याचा विचार करणे अवघड नाही.

गावाचे एक भाग्य असे की शहरापेक्षा आपल्याला अधिक जवळचे दार आहे. शहरांसाठी २००९ मध्ये क्षेत्रसभेची तरतूद झाली, पण ती बहुतेक कागदावरच राहिली. ग्रामसभा मात्र जिवंत आहे. २०१५-१६ पासून ‘आमचं गाव, आमचा विकास’ या उपक्रमात ग्रामपंचायतीचा विकास आराखडा लोकांच्या सहभागाने बनवायचा असतो. २ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झालेल्या ‘माझी वसुंधरा’ अभियानाने भूमी, वायू, जल, अग्नी आणि आकाश या पाच तत्त्वांवर गावाचे व शहराचे काम मोजायला सुरुवात केली.

नगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने हे किती पुढे नेता येते ते दाखवले. तिथे पावसाळ्यानंतर ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात. पाऊस किती पडला, विहिरींत किती पाणी आहे, पिण्यासाठी आणि गुरांसाठी किती राखायचे, उरलेल्यात कोणते पीक घ्यायचे. शेतीसाठी बोअरवेल नको, हेही गावाने स्वतःच ठरवले. स्वतः ठरवलेले बंधन माणूस पाळतो, कारण ते मोडताना तो स्वतःचाच शब्द मोडत असतो.

आपण काय करू शकतो

पहिले म्हणजे ग्रामसभेची तारीख आपल्या दिनदर्शिकेत लिहावी. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांच्या सुमारास त्या होतात. गणपूर्तीसाठी मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे पुरतात. ही संख्या मोठी नाही.

दुसरे, ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा होते. पाणी भरणाऱ्या हातांना पाण्याची खबर असते. घरातल्या पुरुषांनी त्या दिवशी स्वयंपाक सांभाळावा आणि माऊलींना सभेला पाठवावे.

तिसरे, आराखडा बनण्यापूर्वी शिवारफेरी मागावी. नाला कुठून येतो, कुठे तुंबतो, कचरा कुठे साठतो, कोणती विहीर कोणत्या उतारावर आहे, हे सर्वांनी चालत पाहावे आणि साध्या कागदावर काढावे.

चौथे, हरकत लेखी द्यावी, पोच घ्यावी, ठरावाची नक्कल मागावी. आणि हरकतीसोबत नेहमी पर्याय द्यावा. ‘इथे नको’ एवढेच म्हटले तर कचरा दुसऱ्याच्या दारात जातो.

त्या कुटुंबांचे पुढे काय झाले, हे सांगायला हवे. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला त्या वस्तीतील स्त्रिया गेल्या. आपल्या समाजाच्या तीन होत्या, बाकीच्या शेजारच्या. त्यांनी विहिरीचे पाणी बाटलीत भरून नेले होते आणि ओल्या कचऱ्यासाठी खताचा खड्डा कुठे घेता येईल तेही ठरवून नेले होते. जागा बदलण्याचा ठराव झाला. आधी साठलेला कचरा उचलला जायला मात्र आणखी दोन पावसाळे गेले, आणि तोवर त्यांना पिण्याचे पाणी लांबून आणावे लागले. एक सभा चुकली त्याची ही किंमत. ती आम्ही मोजली नाही, त्यांनी मोजली.

म्हणून धर्मग्रामापुरता एक निर्णय आम्ही घेतला आहे. १५ ऑगस्टचा मिस्सा सकाळी लवकर होईल आणि सणाचे जेवण संध्याकाळी. दुपारी ज्याच्या त्याच्या गावी सभा असेल, तिथे आपण असावे. त्या दिवशी कोणी घाईने निघाला तर आम्ही त्याला थांबवणार नाही. परत आल्यावर सभेत काय ठरले, एवढे मात्र नक्की विचारू.

गटात चर्चेसाठी प्रश्न

१. गेल्या वर्षभरात आपल्या गावच्या किती ग्रामसभांना आपल्या घरातून कोणी गेले? गेले नसल्यास कोणत्या कारणाने?

२. आपल्या वस्तीचे सांडपाणी आणि कचरा शेवटी कोणाच्या दारात जातो? त्यांना कोणी विचारले आहे का?

३. आपल्या गावात ज्यांना कोणी विचारत नाही अशी माणसे कोण? पुढच्या सभेला आपण कोणाला सोबत नेणार?

४. गावाने स्वतःहून एक बंधन घालून घ्यायचे ठरवले, तर ते कोणते असावे?